जंतांची बावीस अक्षरं

हत्तीरोगाचा जंत माणसाच्या अंगात पाच-सात वर्षं राहतो, कधी त्याहूनही जास्त. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड. नर तिच्या निम्म्याने. दोघंही लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी ज्या वाटेने सतत ये-जा करतात, नेमक्या त्याच वाटेवर. बोटात साधं कुसळ मोडलं तरी दोन दिवसांत तिथे ठणका लागतो, पू धरतो. इथे तर बोटभर लांबीचा परका जीव आत नांदतो, रोज हजारो पिल्लं रक्तात सोडतो, आणि शरीर त्याला बाहेर काढत नाही. कित्येकांना आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताच नसतो. पाय सुजतो किंवा अंडवृद्धी होते तोवर बरीच वर्षं उलटून गेलेली असतात.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीतले. गटारांच्या आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. डीईसी आणि अल्बेंडॅझोलच्या गोळ्या घरोघरी वाटणारी पथकं इथल्या लोकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. पण जंत शरीराला गप्प कसा ठेवतो, हा प्रश्न गोळीवाटपाच्या धामधुमीत मागे पडतो. गेल्या काही वर्षांत त्याच्या उत्तराचा एक धागा हाती लागला आहे आणि तो अगदी अनपेक्षित जागी सापडला: जंत आपल्या पेशींबाहेर सोडतो त्या आरएनएच्या बारीक तुकड्यांमध्ये. एकेका तुकड्याची लांबी साधारण बावीस अक्षरं, म्हणजे आरएनएच्या साखळीतले बावीस दुवे.

सूक्ष्म आरएनए म्हणतात त्या या तुकड्यांचा शोधही एका कृमीतच लागला, मात्र तो कृमी निरुपद्रवी होता. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक गोलकृमी कुजक्या फळांत जिवाणू खाऊन जगतो. त्याच्या प्रौढ शरीरात ९५९ शरीरपेशी असतात आणि त्यातली प्रत्येक कुठल्या पेशीपासून झाली याची वंशावळ शास्त्रज्ञांनी लिहून ठेवली आहे. व्हिक्टर अँब्रॉस, रोझलिंड ली आणि र्‍होंडा फाइनबॉम हे लिन-४ नावाच्या एका जनुकाच्या मागे होते. हे जनुक बिघडलं की अळी वाढते खरी, पण पहिल्या अवस्थेतलीच कामं पुन्हा पुन्हा गिरवत बसते. पुढे सरकत नाही. त्या जनुकापासून प्रथिन बनत असणार असं सगळे धरून चालले होते. प्रथिन सापडलंच नाही. सापडला तो २२ अक्षरांचा आरएनए. तिकडे गॅरी रुव्हकन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. दोघांनी आपापली अक्षरमाला एकमेकांना कळवली तेव्हा लिन-४चा तुकडा लिन-१४च्या संदेशाच्या शेपटीशी जुळताना दिसला. १९९३च्या डिसेंबरमध्ये दोन्ही निबंध ‘सेल’ या नियतकालिकात एकत्र छापून आले. पुढची सात वर्षं जीवशास्त्रज्ञांनी त्याकडे एका कृमीची लहर म्हणूनच पाहिलं. २०००मध्ये रुव्हकन यांच्या गटाला लेट-७ हा दुसरा तुकडा मिळाला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत अक्षर न बदलता टिकलेला निघाला. तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले. अँब्रॉस आणि रुव्हकन यांना २०२४चं नोबेल पारितोषिक मिळालं.

हे काम चालतं कसं, ते थोडं सावकाश पाहू. पेशीतल्या डीएनएची नक्कल होऊन संदेशवाहक आरएनए बनतो आणि त्या संदेशावरून प्रथिन तयार होतं, इतकं बारावीच्या पुस्तकात असतं. सूक्ष्म आरएनएच्या जनुकाचीही अशीच नक्कल होते, पण तिच्यातून प्रथिन बनवायचं नसतं. ही नक्कल स्वतःवरच दुमडते आणि केसात खोवायच्या आकड्यासारखी दिसते: दोन समांतर तारा, टोकाला वळण. डायसर नावाचं विकर ते वळण छाटून टाकतं. उरलेल्या जोडीतली एक तार आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसते. मग आर्गोनॉट त्या तारेच्या आधाराने पेशीतले संदेश तपासत फिरतं. जुळणी पूर्ण बावीस अक्षरांची असावी लागत नाही. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरं संदेशाच्या शेपटीशी जुळली तरी पुरे. त्या संदेशापासून प्रथिन बनणं मंदावतं किंवा संदेशच मोडीत निघतो. सातच अक्षरांची अट असल्यामुळे एकच सूक्ष्म आरएनए शेकडो जनुकांचा आवाज कमी करू शकतो. आणि म्हणूनच एका प्राण्याचा तुकडा दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत शिरला तर तिथेही चालू शकतो. परोपजीवी जंतांच्या अभ्यासाला वळण मिळालं ते या शेवटच्या शक्यतेमुळे.

जंताच्या अंगात सूक्ष्म आरएनए असणार हे उघडच होतं. हत्तीरोगाच्या जंताला डासाच्या अंगात दहा-चौदा दिवसांत अवस्था बदलाव्या लागतात आणि माणसात शिरल्यावर पुन्हा कात टाकावी लागते. वाढीच्या पायऱ्यांवर लिन-४ आणि लेट-७ यांचं नियंत्रण असेल, तर डासातून माणसात होणाऱ्या या उडीतही त्यांचा हात असणं स्वाभाविक आहे. ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्याच एका जंताचा जनुकसंच २००७मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर त्याच्यातले सूक्ष्म आरएनए मोजून झाले. लेट-७ तिथेही होताच. सोबत एमआयआर-७१ आणि बँटम यांसारखेही निघाले, जे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत आढळत नाहीत. माणसाच्या रक्तात असा तुकडा दिसला तर तो माणसाचा असू शकत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

खरा धक्का २०१४मध्ये बसला. एडिंबरोच्या एमी बक आणि त्यांचे सहकारी उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या एका गोलकृमीवर काम करत होते. हा कृमी चरबीच्या पातळ आवरणाच्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतो. पिशव्यांत सूक्ष्म आरएनए भरलेले, आणि त्यांच्या जोडीला कृमीचं आर्गोनॉट प्रथिनही. या पिशव्या उंदराच्या आतड्याच्या पेशींनी आत घेतल्या आणि त्या पेशींतली काही जनुकं मंदावली. त्यात आयएल-३३चा संकेत टिपणारं जनुकही होतं. आतड्याच्या किंवा फुफ्फुसाच्या अस्तराला इजा झाली की आयएल-३३ हा धोक्याचा इशारा सुटतो आणि जंतांशी लढणाऱ्या पेशी धावून येतात. कृमीने त्या इशाऱ्याला कानच राहू दिला नाही. पुढे याच पिशव्या लसीसारख्या टोचून पाहिल्या, तर उंदरांना बरंचसं संरक्षण मिळालं. जंताचं हत्यार लस म्हणून त्याच्यावरच उलटवता येईल, असा त्याचा अर्थ होतो. अर्थात अजून हे उंदरापुरतंच खरं आहे.

हत्तीरोगाच्या बाबतीत हे कुठवर आलं? अमेरिकेत ब्रुगिया मलायीच्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या तपासल्या, म्हणजे डास चावताना ज्या आपल्या कातडीत उतरतात त्याच. त्या अशा पिशव्या भराभर सोडताना आढळल्या. पिशव्यांत लेट-७ मुबलक होता आणि आपल्या भक्षक पेशी त्या पिशव्या गिळत होत्या. लेट-७ माणसातही तोच, त्यामुळे जंताचा लेट-७ आपल्या जनुकांवर चालायला भाषेची अडचण येत नाही. यापुढचं निरीक्षण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आयव्हरमेक्टिन हे औषध दिलं की या पिशव्यांचं सुटणं कमी होतं. आयव्हरमेक्टिनचं एक जुनं कोडं आहे. रुग्णाच्या रक्तात औषधाचं जेवढं प्रमाण असतं, तेवढ्या प्रमाणात काचेच्या बशीतल्या जंतपिल्लांवर टाकलं तर ती फारशी मरत नाहीत. शरीरात मात्र झपाट्याने नाहीशी होतात. जंताचा स्राव बंद पडला आणि त्याचं लपणं संपलं, मग शरीरानेच त्याचा समाचार घेतला, असं मानलं तर कोडं बरंचसं सुटतं. सिद्ध झालेलं नाही, पण पटण्यासारखं आहे. डीईसी, अल्बेंडॅझोल आणि आयव्हरमेक्टिन अशी तीन औषधं एकत्र द्यायला भारतात सुरुवात झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत महाराष्ट्राचा नागपूर होता. त्या तिसऱ्या गोळीचं काम नेमकं कसं चालतं, हे समजून घेण्यात आपल्याला रस असायलाच हवा.

रोगनिदानाच्या आशेबद्दल मात्र हात राखून लिहिलं पाहिजे. जंताचे सूक्ष्म आरएनए यजमानाच्या रक्तात सापडतात असं २०१४मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना वाटलं, आता बोटातल्या थेंबभर रक्तावर जिवंत जंत ओळखता येणार. ही गरज खरी आहे. सध्याची प्रतिजनाची पट्टी जंत मेल्यावरही काही काळ होकार देत राहते, आणि गोळ्यांनी पिल्लं मेली तरी प्रौढ जंत तग धरून असू शकतो. पण अशाच एका जंतामुळे होणाऱ्या नदीअंधत्वाच्या रुग्णांवर २०१७मध्ये नीट मोजमाप झालं तेव्हा रक्तातलं या तुकड्यांचं प्रमाण इतकं कमी निघालं, की त्यावर भरवशाची चाचणी उभी राहत नव्हती. नदीअंधत्वाचा जंत कातडीखालच्या गाठीत राहतो. हत्तीरोगाचा थेट लसिकेत आणि त्याची पिल्लं थेट रक्तात. म्हणून इथे निकाल वेगळा येऊ शकतो. तो मोजल्याशिवाय चाचणीची भाषा करणं घाईचं होईल.

आणि मोजायचं कशात, इथे नांदेड-लातूरचा संबंध येतो. भारतातला हत्तीरोग जवळजवळ सगळा वुचेरेरिया बँक्रॉफ्टीमुळे होतो. ब्रुगिया मलायी आढळतो तो मुख्यतः केरळच्या किनारी भागात आणि तोही थोडा. पण प्रयोगशाळांतलं बहुतेक काम ब्रुगियावर झालेलं आहे, कारण ब्रुगिया जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येतो. वुचेरेरिया प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांत वाढतच नाही. तो हवा असेल तर त्याला फक्त माणसाच्या रक्तात शोधावं लागतं, आणि तेही रात्री. दिवसा ही पिल्लं फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत दडून राहतात. रात्री दहा ते दोनच्या सुमाराला, क्युलेक्स डास चावायच्या वेळी, वरच्या रक्तात येतात. म्हणूनच हत्तीरोग पथकांची रात्र चिकित्सालयं असतात आणि सर्वेक्षण अंधार पडल्यावर निघतं. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा जाड थर घेतात, सुकवतात. दुसऱ्या दिवशी पट्टी पाण्यात बुडवली की लाल रंग निघून जातो, मग जेएसबी रंगात रंगवून ती भिंगाखाली जाते. दिसतं ते पाव मिलिमीटरहून थोडं लांब पिल्लू, अंगावर पारदर्शक खोळ, वळणं मऊ आणि शेपटीच्या टोकाशी ठिपके नाहीत. हे टोकाशी ठिपके नसणं म्हणजे वुचेरेरियाची खूण. ब्रुगियाच्या शेपटीत शेवटपर्यंत दोन ठिपके दिसतात. तंत्रज्ञ वर्षानुवर्षं हे पाहत आले आहेत. ज्या पिल्लाची अक्षरमाला जगाला अजून नीट वाचायची आहे, ते त्यांच्या काचपट्टीवर पडलेलं असतं.

रंगवलेल्या काचपट्टीतून चांगला आरएनए मिळणं कठीण असतं, कारण तो लवकर मोडतो. त्यासाठी पिल्लं सापडलेल्या व्यक्तीची संमती घेऊन, गोळ्या सुरू करण्याआधी, त्याच रात्री शिरेतून थोडं रक्त घ्यायला हवं. तासा-दोन तासांत रक्तद्रव वेगळा करायला हवा, नाहीतर फुटलेल्या तांबड्या पेशींतून माणसाचाच आरएनए मिसळतो. मग उणे ८० अंशांची गोठणपेटी. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. हे काही आकाशातलं मागणं नाही. सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या प्रतिजन-प्रतिपिंड चाचण्यांवर कित्येक दशकं काम केलं, ते ज्या गावांत हा रोग होता त्यांच्या शेजारी बसूनच. देशाने हत्तीरोग हटवण्यासाठी २०२७ सालाचं उद्दिष्ट ठेवलं आहे आणि ते पुरं व्हावं असंच कुणालाही वाटेल. बावड्या-बारवांच्या पाण्यातून होणारा नारू आपल्याकडून असाच गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६मधला आणि २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. नारूवर ना लस होती ना औषध, फडक्याने पाणी गाळून तो घालवला. हत्तीरोग जाताना त्याच्या जंताबद्दलचं ज्ञान तरी हातात राहावं, एवढंच मागणं आहे.

दुसरा रस्ता संगणकाचा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ची, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. नांदेड आणि लातूर दोन्ही त्याच्या कक्षेत. इथल्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला महागडी यंत्रं नसतानाही करता येईल असं हे काम आहे. ज्ञात सूक्ष्म आरएनए एमआयआरबेस या खुल्या कोशात मिळतात, जंतांचे जनुकसंचही खुले आहेत. एकाची अक्षरमाला दुसऱ्यात शोधायची, दोन-तीन अक्षरांचा फरक चालवून घ्यायचा, आसपासची ऐंशी-शंभर अक्षरं उचलायची आणि ती आकड्यात दुमडतात का हे आज्ञावलीकडून तपासून घ्यायचं. दुमडली तर मानवी जनुकांच्या शेपट्यांत तिची जुळणी पाहायची. अशी कामं देशभर पुष्कळ झाली आहेत आणि तिथेच ती अडून बसतात, ही माझी तक्रार आहे. जनुकसंचात आकड्यात दुमडू शकणाऱ्या जागा हजारोंनी सापडतात. त्यांतल्या थोड्याच खऱ्या सूक्ष्म आरएनएच्या असतात. सात अक्षरांची जुळणी तर योगायोगानेही होते. म्हणून अशी यादी ही कामाची सुरुवात धरावी. यादीतला तुकडा जंताच्या अंगातून खरोखर बाहेर काढून वाचला, तरच तो मोजावा. त्यासाठी जंत हवेत, ताजे आणि भरपूर.

ते हवे असतील तर माणसाकडे जायची गरज नाही. उस्मानाबादी शेळी ही लातूर, धाराशिव, उदगीर, तुळजापूर पट्ट्याची शेळी. बहुधा काळी, जुळी देणारी, अल्पभूधारकाच्या आणि मजुराच्या घरातली अडीनडीला विकायची ठेव. पावसाळ्यात तिच्या जिवावर उठतो तो हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. हा जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटिमीटरची. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडनलिकांचे वेढे, त्यामुळे जठर उघडलं की नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. ऐकायला क्षुल्लक, पण हजार जंत असले तर दिवसाला ५० मिलिलिटर, आणि तीस किलोच्या शेळीत रक्त असतं सगळं मिळून दोनेक लिटर. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक पडलेली असते, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून कुरणात येतात, ओल मिळाली की आठवड्याभरात तिसऱ्या अवस्थेची अळी गवताच्या पात्यावर चढून बसते आणि शेळी तोंड लावेपर्यंत तशीच थांबते. या थांबलेल्या अळीत काही सूक्ष्म आरएनए खूप जास्त असतात आणि शेळीत शिरल्यावर घटतात. वाढ रोखून धरण्याचं काम त्यांच्याकडे असावं.

हिमॉन्कसमध्ये २०१२च्या एका अभ्यासात १९२ सूक्ष्म आरएनए नोंदवले गेले, त्यातले बरेच इतर कुठल्याही प्राण्यात न आढळलेले. पण हे वाचन झालं ते ब्रिटनच्या प्रयोगशाळांत मेंढ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जंतांचं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावरांबरोबर गावोगाव फिरणारा, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तगून राहणारा जंत त्यांच्यासारखाच आहे असं गृहीत धरायला काही आधार नाही. औषधांना दाद न देणारा हिमॉन्कस ही आज जगभरची डोकेदुखी आहे आणि भारतातही तो आढळला आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांना २०१७मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसमध्ये एमआयआर-९५५१ हा सूक्ष्म आरएनए वाढलेला दिसला, आणि मेंढीच्या जठरातल्या दुसऱ्याच एका जंतातही तसंच दिसलं.

याची पडताळणी इथे करता येते. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला आहे. औषध देण्याआधी आणि दिल्यावर दोन आठवड्यांनी लेंड्यांतली अंडी मोजायची, हे काम कुठलाही पशुवैद्यक जाणतो. त्यावरून कुठल्या कळपात औषध लागू पडतं आणि कुठल्या कळपात पडत नाही हे कळतं. दोन्ही प्रकारच्या कळपांतल्या कापलेल्या शेळ्यांच्या जठरातून माद्या वेचायच्या, तिथल्या तिथे आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकायच्या आणि वाचनाला पाठवायच्या. ब्रिटनमध्ये दिसलेला एमआयआर-९५५१चा फरक उस्मानाबादी शेळीच्या जंतात दिसतो की नाही, हे एका पावसाळ्याच्या कामात कळेल.